सर जॉन फ्रँकलिनचा अंत व इनुइटांची साक्ष

१

सर जॉन फ्रँकलिन हा इंग्रज दर्यावर्दी १९ मे १८४५ रोजी 'एरेबस' व 'टेरर' ह्या दोन जहाजांनिशी टेम्स नदीवरील ग्रीनहाइथ येथून निघाला. अटलांटिक महासागरातून उत्तर अमेरिकेच्या माथ्यावरून पॅसिफिक महासागरात उतरणारा वायव्य सागरी मार्ग शोधून काढणे, हे त्याच्या मोहिमेचे उद्दिष्ट होते. ग्रीनलंडजवळून परत धाडलेली पाच माणसे वगळता मोहिमेत फ्रँकलिनसह १२९ जण उरले. त्यांपैकी एकही जण स्वदेशी परतला नाही. जुलै १८४५ च्या अखेरीस बॅफिन उपसागरात देवमाशांची शिकार करणाऱ्या दोन जहाजांना ही जहाजे दिसली. त्यानंतर कोणाही युरोपीयाने ती माणसे जिवंत पाहिली नाहीत.

मोहिमेच्या अंताविषयी विपुल लेखन झाले आहे. त्यात बर्फ, भूक, स्कर्व्ही रोग, डबाबंद अन्न, शिशाची विषबाधा इत्यादी कारणांचा ऊहापोह आढळतो. प्रस्तुत लेखाचा विषय त्याहून वेगळा आहे. ह्या माणसांचे काय झाले हे सांगणारे लोक त्याच प्रदेशात राहत होते आणि त्यांनी ते १८५४ पासून वेळोवेळी सांगितलेही. त्या काळच्या ग्रंथांत त्यांचा उल्लेख 'एस्किमो' असा येतो. ते स्वतःस इनुइट, म्हणजे 'माणसे', म्हणवितात. त्यांच्या सांगण्यातील मुख्य भाग खरा होता, हे आज निःसंशय ठरले आहे. मग तो खरा मानला जाण्यास दीड शतक का लागावे? ह्या प्रश्नाचे उत्तर जसे इतिहासाच्या क्षेत्रात शोधावयाचे आहे, तसेच ते भाषाशास्त्राच्या क्षेत्रातही शोधावयास हवे. कारण प्रत्येक साक्ष कोणत्या तरी भाषेत दिली जाते आणि कोणत्या तरी भाषेत ऐकली जाते.

२

फ्रँकलिनचा जन्म १६ एप्रिल १७८६ रोजी लिंकनशर परगण्यातील स्पिल्सबी ह्या गावी झाला. चौदाव्या वर्षी तो नौदलात शिरला आणि १८०१ मध्ये कोपनहेगनच्या लढाईत त्याने भाग घेतला. त्यानंतर मॅथ्यू फ्लिंडर्स ह्या आपल्या नातलगाच्या हाताखाली त्याने ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याच्या पाहणीचे काम केले. परतीच्या वाटेवर जहाज फुटले. पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या चीनहून निघालेल्या व्यापारी ताफ्याबरोबर तो येत असता, फेब्रुवारी १८०४ मध्ये पुलो औरा येथे फ्रेंच नौदलाशी ह्या ताफ्याची गाठ पडली. त्या प्रसंगी निशाणांनी संदेश देण्याचे काम फ्रँकलिनकडे होते. १८०५ मध्ये ट्रफाल्गरच्या लढाईतही 'बेलेरोफॉन' जहाजावर त्याने हेच काम केले. एकाचे म्हणणे दुसऱ्यास अचूक पोहोचविणे, हा अशा रीतीने त्याच्या तरुणपणचा व्यवसायच होता.

ध्रुवप्रदेशाशी त्याचा पहिला संबंध १८१८ मध्ये आला. त्या वर्षी डेव्हिड बुकन ह्याच्या हाताखाली 'ट्रेंट' जहाजाचा अधिकारी म्हणून तो स्पिट्सबर्गेनच्या उत्तरेस गेला. परंतु बर्फामुळे त्यास परतावे लागले. १८१९ ते १८२२ ह्या काळातील कॉपरमाइन नदीची मोहीम मात्र त्याच्या स्वतःच्या नेतृत्वाखाली निघाली. किनारपट्टीवर गेलेल्या वीस जणांपैकी अकरा जण ह्या मोहिमेत मरण पावले. शेवटी शेवटी खडकांवरील शेवाळासारखी वनस्पती आणि बुटांचे चामडे खाऊन दिवस कंठावे लागले. रॉबर्ट हूड हा तरुण अधिकारी गोळी लागून मेला. त्याच्या खुनाचा संशय असलेल्या मिशेल नावाच्या इरोक्वाय नावाड्यास डॉक्टर रिचर्डसनने गोळी घातली. उरलेली माणसे वाचली ती अकाइचो ह्या आदिवासी नायकाच्या लोकांनी मांस आणून दिल्यामुळे. इंग्लंडमध्ये 'बूट खाणारा माणूस' म्हणून फ्रँकलिनची ख्याती झाली. त्याचा ग्रंथ लोकांनी उत्सुकतेने वाचला. पण त्या ग्रंथातून निघणाऱ्या एका निष्कर्षाकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. ह्या प्रदेशात माणूस जगतो तो तेथील माणसांशी असलेल्या संबंधावर, आणि तो संबंध भाषेवाचून जुळत नाही, हा तो निष्कर्ष होय.

ह्या मोहिमेत दोन इनुइट दुभाषे होते. तत्तानोएउक व होएऊतोएरॉक ही त्यांची नावे. फ्रँकलिनने त्यांचे अर्थ अनुक्रमे 'पोट' व 'कान' असे दिले आहेत. इंग्रजांनी त्यांना ऑगस्टस व जूनियस म्हटले. जूनियस परतीच्या वाटेवर नाहीसा झाला. ऑगस्टस मात्र १८२५ ते १८२७ ह्या फ्रँकलिनच्या दुसऱ्या भूमोहिमेतही होता. जुलै १८२६ मध्ये मॅकेंझी नदीच्या मुखाशी शेकडो इनुइटांनी फ्रँकलिनच्या होड्यांना गराडा घालून सामानाची लूट चालविली. बंदूक चालविली असती तर मोहीम तेथेच संपण्याचा संभव होता. मोठ्या शिकस्तीने होड्या सुटल्यावर ऑगस्टस एकटा किनाऱ्यावर गेला आणि तेथे जमलेल्या सुमारे चाळीस जणांशी त्यांच्या भाषेत बोलला. त्याने त्यांची कानउघाडणी केली आणि पुढील अनर्थ टळला. फ्रँकलिनचा जीव दुसऱ्या कोणाच्या तरी बोलण्यामुळे वाचण्याचा प्रसंग अशा रीतीने एकाहून अधिक वेळा आला होता.

१८२९ मध्ये त्यास 'सर' हा किताब मिळाला. १८३७ ते १८४३ ह्या काळात तो व्हॅन डीमेन्स लँडचा, म्हणजे आजच्या टास्मानियाचा, लेफ्टनंट गव्हर्नर होता. तेथील राजकारणात त्याची मानहानी झाली. गेलेला लौकिक परत मिळविण्याची इच्छा घेऊन तो १८४५ च्या मोहिमेवर निघाला, तेव्हा त्याचे वय एकोणसाठ वर्षांचे होते.

३

ह्या मोहिमेची तयारी त्या काळच्या मानाने अपूर्व होती. जहाजांचे पुढील भाग लोखंडी पत्र्याने मढविलेले होते, आगगाडीची वाफेची इंजिने त्यांत बसविली होती, तीन वर्षांचा शिधा भरला होता आणि एक हजाराहून अधिक ग्रंथ बरोबर घेतले होते. पण इनुइट भाषा जाणणारा दुभाष्या जहाजावर नव्हता. 'टेरर'चा कप्तान फ्रान्सिस क्रोझिअर १८२१ ते १८२३ च्या पॅरीच्या सफरीत इनुइटांच्या शेजारी राहिला होता व त्यास त्यांची भाषा थोडीफार कळत असे; भाषेची पुंजी म्हणून काही असेल तर ती एवढीच. ज्या फ्रँकलिनला ऑगस्टसच्या जिभेचे मोल प्रत्यक्ष अनुभवाने ठाऊक होते, त्याच्याच मोहिमेत ही उणीव राहावी, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. समुद्रमार्गाने जाणाऱ्या नौदलास स्थानिक लोकांची गरज पडणार नाही, अशी तिच्यामागील धारणा दिसते.

ह्या धारणेचा एक छापील पुरावाही उपलब्ध आहे. वाटेत निरोप ठेवण्यासाठी नौदल-खात्याचे छापील कागद मोहिमेबरोबर दिलेले होते. कागद सापडेल त्याने तो लंडनला पोहोचवावा, अशी विनंती त्यावर सहा भाषांत छापलेली असे: इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिश, डच, डॅनिश व जर्मन. कागद ज्या भूमीवर ठेवला जाणार होता, त्या भूमीवरील भाषा ह्या सहांत नव्हती. इनुइट भाषा त्या वेळी छापलीच जात नव्हती, असेही म्हणता येत नाही. ग्रीनलंड व लॅब्रडॉर येथे ख्रिस्ती मिशनऱ्यांनी ह्या भाषेच्या बोलींत पुस्तके केव्हाच काढली होती. निरोप वाचणारा कोण असेल, ह्या कल्पनेतच इनुइट माणसाला स्थान नव्हते. पुढे त्याची साक्ष ऐकताना जे घडले त्याचे बीज येथेच आढळते.

४

जहाजांचा पत्ता लागेना तेव्हा १८४८ पासून शोधमोहिमा सुरू झाल्या. १८५० मध्ये बीची बेटावर तीन खलाश्यांची थडगी सापडली. ती जानेवारी व एप्रिल १८४६ मधील होती. मोहिमेने पहिला हिवाळा तेथे काढला, एवढे त्यावरून कळले. त्यापुढील माग लागला नाही. मार्च १८५४ अखेर नौदल-खात्याने ह्या लोकांची नावे आपल्या पटावरून कमी केली.

ह्याच सुमारास, एप्रिल १८५४ मध्ये, हडसन्स बे कंपनीचा डॉक्टर जॉन रे पेली उपसागराजवळ किनाऱ्याची पाहणी करीत होता. तेथे त्यास इनुकपूझीजूक नावाचा एक इनुइट भेटला. पश्चिमेकडे, फार दूर, एका मोठ्या नदीपलीकडे पस्तीस-चाळीस गोरे लोक उपासमारीने मेले, असे त्याने सांगितले. पुढे त्याच वर्षी इतरांकडून अधिक तपशील मिळाला. सुमारे चाळीस गोरी माणसे एक होडी व घसरगाड्या ओढीत किंग विल्यम बेटाच्या बाजूने दक्षिणेकडे जाताना दिसली होती. नंतर मुख्य भूमीवर सुमारे तीस व जवळच्या एका बेटावर पाच प्रेते आढळली. आणि प्रेतांच्या व भांड्यांच्या अवस्थेवरून त्यांनी अखेरीस एकमेकांचे मांस खाल्ले होते, असे दिसत होते. रे ह्याने इनुइटांकडून अनेक वस्तू विकत घेतल्या. त्यांत अधिकाऱ्यांची चिन्हे कोरलेले चांदीचे चमचे व काटे होते, आणि फ्रँकलिनच्या सन्मानपदकाचा ताराही होता.

रेचा अहवाल २३ ऑक्टोबर १८५४ रोजी 'टाइम्स'मध्ये छापला गेला आणि एकच गदारोळ उडाला. लेडी जेन फ्रँकलिन हिने तो मानण्यास नकार दिला. चार्ल्स डिकन्सने 'हाउसहोल्ड वर्ड्स' ह्या आपल्या साप्ताहिकात डिसेंबर १८५४ मध्ये दोन भागांचा लेख लिहून ह्या साक्षीवर हल्ला चढविला. त्याच्या प्रतिपादनाचे स्वरूप बारकाईने पाहण्यासारखे आहे, कारण त्यात ग्राह्य व अग्राह्य युक्तिवाद एकमेकांत मिसळलेले आहेत. ही माहिती ऐकीव आहे, सांगणाऱ्यांनी गोऱ्या माणसांना जिवंत पाहिलेले नाही आणि ती दुभाष्याच्या तोंडून आलेली आहे, हे त्याचे आक्षेप शास्त्रशुद्ध होते. परंतु तेथे न थांबता तो पुढे गेला. रानटी मनुष्य स्वभावतःच खोटे बोलणारा असतो, इंग्रज खलाशी असे कृत्य करणे शक्यच नाही, आणि इनुइटांनीच ह्या लोकांवर हल्ला केला नसेल कशावरून, असा त्याचा रोख होता. पहिल्या भागात साक्षीची परीक्षा आहे. दुसऱ्या भागात साक्षीदाराच्या जातीची परीक्षा आहे. वाचकांवर परिणाम झाला तो मुख्यतः दुसऱ्या भागाचा.

रेने त्याच साप्ताहिकात उत्तर दिले. त्याचा दुभाष्या विल्यम ऊलिगबक हा हडसन उपसागराकाठचा इनुइट होता. त्याचा बाप फ्रँकलिनच्याच दुसऱ्या भूमोहिमेत नोकरीस होता. त्यास इंग्रजी उत्तम येत असल्याची ग्वाही रेने दिली. सरकारने जाहीर केलेल्या बक्षिसापैकी दहा हजार पौंड रे व त्याच्या माणसांना १८५६ मध्ये मिळाले. पण प्रतिष्ठित समाजाने रेला क्षमा केली नाही. ह्या काळातच १८५५ मध्ये कंपनीने जेम्स अँडरसन ह्यास बॅक नदीच्या मुखाकडे पाठविले. रेच्या साक्षीदारांनी सांगितलेला मुलूख तो हाच. अँडरसनला मोहिमेच्या काही वस्तू मिळाल्या आणि ज्यांना पुष्कळ ठाऊक असावे असे इनुइटही भेटले. पण त्याच्याबरोबर दुभाष्या नव्हता. सारे संभाषण हातवाऱ्यांनी करावे लागले. साक्षीवर विश्वास नाही म्हणून ती पडताळण्यास माणूस पाठवावयाचा, आणि त्यास साक्षीदाराशी बोलण्याचे साधन द्यावयाचे नाही, असा हा प्रकार होता.

५

लेडी फ्रँकलिनने खाजगी रीतीने पाठविलेल्या 'फॉक्स' जहाजाच्या मोहिमेस (१८५७ ते १८५९) कप्तान मॅक्लिंटॉकच्या नेतृत्वाखाली यश आले. त्याचा सहकारी हॉब्सन ह्यास मे १८५९ मध्ये किंग विल्यम बेटाच्या वायव्य किनाऱ्यावर, दगडांच्या राशीत, वर सांगितलेल्या छापील कागदांपैकी एक सापडला. त्यावर दोन मजकूर आहेत. २८ मे १८४७ चा पहिला मजकूर सारे क्षेम असल्याचे सांगतो. समासात फिरवून लिहिलेला दुसरा मजकूर २५ एप्रिल १८४८ चा आहे. १२ सप्टेंबर १८४६ पासून बर्फात अडकलेली जहाजे २२ एप्रिल १८४८ रोजी सोडून दिली. फ्रँकलिन ११ जून १८४७ रोजी वारला. एकंदर नऊ अधिकारी व पंधरा खलाशी मरण पावले. उरलेले १०५ जण क्रोझिअरच्या हाताखाली दुसऱ्या दिवशी बॅकच्या नदीकडे निघणार आहेत, एवढी हकीकत त्यातून कळते.

मोहिमेचा अंत सांगणारा लेखी पुरावा म्हणून ह्या एका कागदाकडे बोट दाखविले जाते. मराठी इतिहाससंशोधनात अस्सल पत्र व बखर ह्यांच्या तुलनात्मक विश्वसनीयतेची चर्चा राजवाड्यांपासून चालत आलेली आहे, आणि त्या शिस्तीत वाढलेल्या अभ्यासकास हा कागद म्हणजे अस्सल पत्राचा नमुना वाटेल. तो अस्सल आहे ह्यात शंका नाही. परंतु बीची बेटावरील मुक्काम १८४६-४७ च्या हिवाळ्यात झाला, असे त्यात लिहिले आहे. थडग्यांवरील तारखांवरून आणि त्याच कागदावरील पुढील मजकुरावरून हा मुक्काम १८४५-४६ चा होता, हे उघड आहे. म्हणजे स्वतः त्या प्रसंगात असलेल्या, शिकलेल्या अधिकाऱ्याने एका वर्षाच्या आत लिहिलेल्या कागदातही वर्षाची चूक आहे. ह्या चुकीमुळे कोणी कागद टाकून दिला नाही, आणि ते योग्यच झाले. चूक वेगळी काढून बाकीचा मजकूर ग्राह्य धरण्यात आला. हीच सवलत इनुइटांच्या साक्षीस मात्र मिळाली नाही. तेथे एक विसंगती सापडली की सारी साक्ष बाद होत असे.

मॅक्लिंटॉकबरोबर कार्ल पेटर्सन हा डॅनिश दुभाष्या होता. त्याचे ज्ञान ग्रीनलंडच्या बोलीचे होते. ग्रीनलंडपासून अलास्कापर्यंत इनुइट बोलींची एक सलग साखळी आहे. शेजारच्या बोली एकमेकींस सहज कळतात, पण अंतर वाढत जाते तसतसे आकलन अवघड होत जाते. असे असूनही पेटर्सनमार्फत महत्त्वाची माहिती हाती आली. जहाजे दोन होती. एक खोल पाण्यात बुडाले व दुसरे बर्फाच्या रेट्याने किनाऱ्याशी लागले. ह्या दुसऱ्या जहाजाचे ठिकाण मॅक्लिंटॉकने 'उटलुलिक' असे टिपून घेतले. गोरी माणसे चालता चालता कोसळून मेली, असेही एका वृद्धेने सांगितले. वाटेवर सापडलेल्या सांगाड्यांशी ते जुळत होते.

६

साक्षी गोळा करण्याचे काम सर्वांत चिकाटीने केले ते चार्ल्स फ्रान्सिस हॉल ह्या अमेरिकन गृहस्थाने. त्यास नौकानयनाचे शिक्षण नव्हते. पण इनुइटांत राहून, त्यांचे अन्न खाऊन, त्यांचे बोलणे लिहून घ्यावे, हे त्याने ओळखले. तुकूलितो व तिचा पती एबियरबिंग हे त्याचे दुभाषे होते. दोघे पूर्वी इंग्लंडला जाऊन आलेले होते व तुकूलितोचे इंग्रजी चांगले होते. हॉलच्या पहिल्याच सफरीत (१८६० ते १८६२) मौखिक परंपरेच्या सामर्थ्याचा एक विलक्षण प्रत्यय आला. मार्टिन फ्रोबिशर १५७६ ते १५७८ ह्या वर्षांत तीनदा बॅफिन बेटावर आला होता व पहिल्या सफरीत त्याची पाच माणसे नाहीशी झाली होती. लागोपाठच्या वर्षांत वाढत्या संख्येने आलेली जहाजे आणि मागे राहिलेली पाच गोरी माणसे ह्यांची कथा इनुइट वृद्धांनी हॉलला सांगितली, आणि 'गोऱ्या माणसांचे बेट' असे ज्याचे नाव, तेथे फ्रोबिशरच्या खाणकामाचे अवशेष मिळाले. जवळजवळ तीनशे वर्षे ही स्मृती लेखनावाचून टिकली होती. जो समाज तीनशे वर्षांपूर्वीची पाच माणसे विसरला नाही, तो पंधरा-वीस वर्षांपूर्वीची शंभर माणसे विसरेल हे संभवनीय नव्हते.

१८६४ ते १८६९ ह्या दुसऱ्या सफरीत हॉल किंग विल्यम बेटापर्यंत पोहोचला. उपाशी गोऱ्यांची एक टोळी वाटेत भेटली, तिच्या नायकाने सीलचे मांस मागितले, आपण थोडे दिले व दुसऱ्या दिवशी आपल्या वाटेने निघून गेलो, असे सांगणारे प्रत्यक्ष साक्षीदार त्यास मिळाले. १८७८ ते १८८० ह्या काळात श्वाट्का ह्याने, एबियरबिंगलाच दुभाष्या घेऊन, अधिक साक्षी मिळविल्या. ॲडिलेड द्वीपकल्पाच्या पश्चिमेस एक जहाज होते, त्यात एका गोऱ्या माणसाचे प्रेत होते, आणि जहाज बुडाल्यावर त्याची डोलकाठी पाण्यावर दिसत असे, असे पुहतूराक नावाच्या वृद्धाने त्यास सांगितले.

ह्या साक्षींच्या आकलनातील अडचणी बव्हंशी भाषिक आहेत. त्यांतील तीन येथे नमूद करतो.

पहिली अडचण व्यक्तिनामांची. मांस मागणाऱ्या नायकास साक्षीदार 'अग्लूका', म्हणजे 'लांब ढांगा टाकणारा', म्हणत. हॉलने त्यास क्रोझिअर मानले. पण हे नाव जेम्स क्लार्क रॉस व जॉन रे ह्यांनाही दिलेले होते. ते विशेषनाम नसून वर्णनपर उपनाम आहे, हे ध्यानात न घेतल्यास वेगवेगळ्या वर्षांतील माणसे एकच ठरतात. शिवाय १८२९ ते १८३३ ह्या काळात ह्याच भागात जॉन रॉसने आपले जहाज सोडून दिले होते. त्याच्या आठवणी फ्रँकलिनच्या हकीकतीत मिसळण्याचा धोका होताच.

दुसरी अडचण स्थलनामांची. मॅक्लिंटॉकचे 'उटलुलिक' आणि हॉलचे 'ऊकजूलिक' हे एकच नाव होय. 'उग्जुक' म्हणजे दाढीसारख्या राठ मिशा असलेला मोठा सील. 'लिक' हा प्रत्यय संस्कृत व्याकरणातील मत्वर्थीय प्रत्ययाप्रमाणे 'ते ज्यात आहे' असा अर्थ देतो. 'उग्जुलिक' म्हणजे हे सील असलेला प्रदेश. हे नाव एखाद्या बिंदूचे नसून शिकारीच्या विस्तीर्ण टापूचे आहे. नकाशावरील एका ठिपक्याची सवय असलेल्या शोधकास ते संदिग्ध वाटले. बोलणाऱ्यास त्यात काहीच संदिग्धता नव्हती.

तिसरी अडचण संख्येची. इनुइट गणना हातापायांच्या बोटांवर, विसाच्या आधाराने चालते. आपल्याकडील 'कोडी'सारखाच हा प्रकार आहे. 'पस्तीस-चाळीस' ह्यासारखा आकडा अशा गणनेत अदमासाचा असणार. तो तसाच घ्यावयास हवा. त्यावरून साक्षीदार खोटा ठरत नाही.

एका गोष्टीची नोंद ह्या पार्श्वभूमीवर अगत्याची आहे. नूद रासमुसेन हा ग्रीनलंडात जन्मलेला, लहानपणापासून तेथील भाषा बोलणारा संशोधक १९२३ मध्ये ह्या भागात आला. त्यास दुभाष्याची गरज नव्हती. त्याने नेत्सिलिक लोकांकडून फ्रँकलिनच्या माणसांविषयीच्या ज्या आठवणी टिपल्या, त्या हॉल व श्वाट्का ह्यांच्या नोंदींशी मुख्य बाबतींत जुळतात.

७

एकोणिसाव्या शतकात हा वाद विश्वास व अविश्वास ह्यांचा होता. विसाव्या शतकाच्या अखेरीस तो भौतिक पुराव्याच्या कक्षेत आला. एरेबस उपसागराच्या काठावरील एका स्थळी १९९२ मध्ये सापडलेल्या मानवी अस्थींचा ॲन कीनलीसाइड व त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यास केला आणि तो १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे चारशे अस्थींपैकी ९२ अस्थींवर धातूच्या पात्याचे छेद आढळले. २०२४ मध्ये त्याच स्थळाच्या एका जबड्याच्या हाडाची ओळख, वंशजाच्या जनुकीय नमुन्याशी तुलना करून, 'एरेबस'चा कप्तान जेम्स फिट्झजेम्स ह्याचे म्हणून पटली. त्याही हाडावर असेच छेद आहेत. रेच्या साक्षीदारांनी १८५४ मध्ये जे सांगितले आणि डिकन्सने जे अशक्य ठरविले, ते हे होय.

मधल्या काळात डेव्हिड वुडमन ह्यांनी १९९१ मध्ये इनुइट साक्षींचा समग्र अभ्यास ग्रंथरूपाने मांडला होता, आणि जोआ हेवन येथील इनुइट इतिहासकार लुई कामुकाक (मृत्यू २०१८) ह्यांनी वृद्धांकडून परंपरागत माहिती गोळा करण्यात आयुष्य वेचले होते. सप्टेंबर २०१४ मध्ये कॅनडाच्या शोधपथकास 'एरेबस' सापडले, ते ॲडिलेड द्वीपकल्पाच्या पश्चिमेस, उग्जुलिकच्या टापूत, सुमारे अकरा मीटर खोलीवर. मॅक्लिंटॉकच्या नोंदीनंतर १५५ वर्षांनी ते मिळाले. सप्टेंबर २०१६ मध्ये किंग विल्यम बेटाच्या नैर्ऋत्येकडील टेरर उपसागरात 'टेरर' सापडले. तेथे काही वर्षांपूर्वी बर्फातून वर आलेली डोलकाठीसारखी वस्तू पाहिल्याचे सॅमी कोगव्हिक ह्या इनुइट गृहस्थांनी जहाजावरील लोकांना सांगितले होते.

तथापि साक्ष सर्वांशी अचूक ठरली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. एक जहाज बर्फात चिरडून खोल पाण्यात बुडाल्याची हकीकत होती. 'टेरर' सुमारे चोवीस मीटर खोलीवर, तळाशी सरळ उभे, बरेचसे अभंग असे आढळले. ही विसंगती स्मृतीची आहे, भाषांतराची आहे, की वेगळ्याच जहाजाच्या आठवणीची आहे, हा प्रश्न खुला आहे. तसेच ध्वनिलहरींनी समुद्रतळ न्याहाळणाऱ्या यंत्रांवाचून केवळ साक्षीच्या बळावर जहाजे सापडली नसती. साक्षीने कोठे शोधावे ते सांगितले. यंत्राने ते दाखविले.

८

ह्या प्रकरणातून अभ्यासकाने घ्यावयाचा बोध 'मौखिक परंपरा खरी असते' असा नाही. मौखिक परंपरा खरीही असते व खोटीही असते. लेखी कागदाचेही तसेच आहे. साक्षीस विचारावयाचे प्रश्न ठरलेले आहेत. सांगणाऱ्याने स्वतः पाहिले की ऐकले? मध्ये किती तोंडे आली? एकमेकांशी संबंध नसलेल्या साक्षीदारांचे म्हणणे जुळते काय? वस्तू त्यास दुजोरा देतात काय? असे सांगण्यात सांगणाऱ्याचा लाभ काय? आणि ज्या भाषेतून ती साक्ष आपल्यापर्यंत आली, तिच्यात काय गळले व काय भरले गेले? हे प्रश्न १८५४ मध्येही विचारता आले असते. रेच्या साक्षीदारांची माहिती ऐकीव होती, हे मान्य करूनही चांदीचे चमचे, स्थळाचे वर्णन आणि अनेकांच्या सांगण्यातील मेळ ह्यांवरून तिचा गाभा ग्राह्य ठरला असता. त्याऐवजी विचारला गेला तो एकच प्रश्न: सांगणारा कोण?

त्याची किंमत कोणी दिली, हेही पाहिले पाहिजे. रेला आयुष्यभर उपेक्षा सोसावी लागली. वेस्टमिन्स्टर ॲबेत फ्रँकलिनचे स्मारक १८७५ मध्ये उभे राहिले आणि रेच्या नावाची शिला तेथे बसविण्यास २०१४ साल उजाडले. खून व खोटेपणा ह्यांचा आरोप ज्यांच्यावर झाला, त्या इनुइटांना तर त्या वादात उत्तर देण्याची संधीच नव्हती. तो वाद चालला होता त्या भाषेत त्यांचा आवाज पोहोचत नव्हता. आणि मृतांच्या नातलगांनी सत्याऐवजी एक शोभिवंत कथा उराशी धरली.

इनुकपूझीजूकचे नाव आज रेच्या व हॉलच्या नोंदींत आहे, तेही त्या दोघांच्या कानांना जसे ऐकू आले तसे. त्याने सांगितलेली गोष्ट मात्र मुख्य बाबतींत खरी होती. अभिलेखागारात बसून काम करणाऱ्या आपल्यासारख्यांनी ती ध्यानात ठेवावी ती एवढ्याचसाठी की, आपल्या टिपणांतही अशी नावे येतात आणि त्यांच्यापुढे 'ऐकीव' असा शेरा मारून आपण पान उलटतो. तो शेरा पुष्कळदा योग्य असतो. पण त्याने परीक्षा सुरू व्हावयास हवी, संपावयास नको.